सही साहेबांची, शब्द माझे

इथे परदेशात कायम राहण्यासाठीच्या टॅलेंट व्हिसाच्या अर्जाला साहेबांचं शिफारसपत्र हवं होतं. आमच्या आयटीत ते ज्याचं त्यानेच लिहायचं आणि साहेबाने नुसती सही करायची, हा रिवाज. मंडळाची पत्रकं लिहून माझा हात बसलाय. मी ठणकावून लिहिलं की रुग्णालयांच्या नोंदणीची प्रणाली मी उभारली. एस्प्लनेड रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसातून सही होऊन आलेल्या पत्रात मात्र ती साहेबांनी उभारली होती, मी फक्त ‘मदत’ केली होती.

“सर, हे धादांत खोटं आहे.”

“अगं, चिडतेस काय? मलाही त्याच व्हिसाचा अर्ज करायचाय. तुझी वाक्यं झकास होती, तीच माझ्या अर्जासाठी घेतली. आपण मराठी माणसं, समजून घे की!”

मराठी म्हणूनच तर विश्वास टाकला होता! पत्र त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. माझा अर्ज अडलाय. त्यांचा माझ्या शब्दांत पुढे गेला.