बादली बसत नाही, पसरट भांडं घ्या

कपडे धुण्याचं मशीन बिघडलं की कानसेनांना बोलवायचं, हे आसपासच्या चार-पाच गल्ल्यांत ठरलेलं होतं. नाव त्यांचं वेगळंच होतं. पण मशीन चालू करून ते त्याच्या पत्र्याला कान लावून उभे राहत आणि डोळे मिटून सांगत, "बेअरिंग गेलंय," नाहीतर "कुणाच्या तरी खिशातलं नाणं पंपात गेलंय." कुणीतरी कौतुकानं कानसेन म्हणालं आणि तेच चिकटलं. सव्वीस वर्षं त्यांनी हा एकच उद्योग केला आणि मन लावून केला.

बावन्नाव्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्यानं संप पुकारला. मशीनची निम्मी दुखणी जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात, त्यामुळे कानसेनांचं निम्मं आयुष्य लोकांच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून गेलेलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "आता गुडघ्यांवर बसायचं नाही."

"मग लोकांना मशीन टेबलावर ठेवायला सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. दिवसाला दोन मशीनं. तिसऱ्याला हात लावायचा नाही."

दिवसाला सहा घरं फिरणारा माणूस बाराच्या आत घरी येऊन बसायला लागला. बायको खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसून लोकांच्या पँटची उंची कमी करायची, बिघडलेल्या चेन बदलायची. नवरा समोर बसून तिच्या मशीनला तेल हवंय का, हे चार-चार वेळा विचारायचा. आठवड्याभरात तिच्या नाकी नऊ आले.

"यांना काहीतरी बसल्या जागेचं काम शोध गं," ती लेकीला म्हणाली. "नाहीतर माझं मशीन हे खोलून ठेवणार आहेत."

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिच्या दुकानाचा मालक काचांची माहिती बाहेरून कुणाकडून तरी लिहून घ्यायचा, घरबसल्या. तिनं जेवताना विषय काढला. "बाबा, लिखाणाचं काम मिळतं. छोटी छोटी कामं असतात, नवख्यांनाही देतात. तुम्ही फोनवर लोकांना किती छान समजावून सांगता!"

कानसेन हसले. "माझं लिखाण म्हणजे बिलाच्या मागची बाजू. 'बेल्ट बदलला. नळी बदलली. सॉक्स सापडला, परत केला.'"

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गुपचूप फोन काढून शोधलं. 'घरबसल्या लिखाण, अनुभवाची गरज नाही.' त्याखाली इतक्या जाहिराती निघाल्या की त्यांना वाटलं, जगात लिहायला माणसंच उरलेली नाहीत. पहिल्याच ठिकाणी त्यांनी नाव नोंदवलं. पाच मिनिटांत एक गोड आवाजाची मुलगी फोनवर. काम भरपूर आहे, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मग मजकूर पाठवू. कानसेन कपाट उघडायला उठले तेव्हा बायकोनं शिलाई मशीनवरचे पाय थांबवले.

"काम कोण करणार?"

"मी."

"आणि पैसे कोण भरणार?"

"मीच. पण ते नंतर..."

"म्हणजे बेल्ट तुम्ही बदलायचा आणि निघताना घरच्या बाईच्या हातावर पैसेही तुम्हीच ठेवायचे? आण इकडं तो फोन!" अहोजाहो करणारी बायको रागाच्या भरात एकेरीवर आली होती. कानसेनांनी मुकाट्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं त्या गोड आवाजाला दोन कडू शब्द ऐकवले आणि पुन्हा पँटला दुमड घातली.

लेकीनं मग रीतसर बसवून समजावलं. पैसे मागणारे सोडायचे. ज्यांचा पत्ता, काम, माणसं दिसतात, त्यांना लिहायचं, आणि सोबत स्वतःच्या लिखाणाचा एक नमुना जोडायचा. नमुना म्हटल्यावर कानसेनांनी शाळेतला निबंध आठवला. तीन दुपारी खर्ची घालून त्यांनी एक लेख सिद्ध केला. सुरुवात अशी होती: 'मानवी जीवन हे एका धुलाई यंत्रासम आहे. सुखदुःखाच्या फेऱ्यांत आत्मा निर्मळ होतो.'

लेकीनं तो टाइप करून अकरा ठिकाणी पाठवला. दहा ठिकाणांहून काहीच आलं नाही. अकराव्यानं लिहिलं, 'लेख सुंदर आहे. आमच्या उपयोगाचा नाही.'

"सुंदर आहे म्हणाले ना!" कानसेन म्हणाले.

बायकोनं कागद लांब धरून पहिल्या दोन ओळी वाचल्या. "अहो, तुम्ही कधी 'यंत्रासम' म्हणता का?"

"लिहिताना जरा वजनदार लागतं."

"तुमच्या तोंडचं वाटतच नाही. कुणीतरी पाहुणा बोलतोय असं वाटतं." ती हे चिडवायला म्हणाली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. त्यांनी कागदाची घडी करून हत्यारांच्या पेटीत खाली सारली आणि आठवडाभर लिखाणाचं नाव काढलं नाही.

त्याच आठवड्यात भूगोलबाईंचा फोन आला. या बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, कानसेनांचं अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक. आवाज रडवेला होता. मशीन मध्येच थांबलं होतं, आत पाणी भरलेलं, दार उघडत नव्हतं आणि आत त्यांचा एकुलता एक गरम कोट. कानसेनांची त्या दिवसाची दोन मशीनं होऊन गेली होती आणि गुडघा टोमॅटोसारखा सुजला होता.

"बाई, मला यायला उद्या उजाडेल. पण तुम्हाला स्वतःला जमेल. कागद-पेन्सिल आहे का?"

"शिक्षिकेला विचारताय?"

"मग घ्या लिहून. पहिलं म्हणजे, घाबरू नका. मशीन मेलेलं नाही, तुंबलंय. प्लग काढा. गरम पाण्यानं धूत असाल तर तासभर थांबा, नाहीतर हात भाजेल. आता खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी फळी दिसेल, तळहाताएवढी. ती उघडलीत की गोल झाकण. त्याच्याखाली बादली बसत नाही, पसरट भांडं घ्या. झाकण डावीकडं थोडंसंच फिरवा, पूर्ण काढलंत तर पूर येईल. भांडं भरलं की झाकण बंद, भांडं रिकामं करा, पुन्हा तेच. सात-आठ वेळा करावं लागेल. कंटाळा आला तर चहा घ्या, पाणी कुठं पळून जात नाही..."

सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "थांबा, परत वाचून दाखवते. चुकलं तर सांगा." आणि त्या वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.

कानसेन फोन कानाला लावून ऐकत राहिले. त्यांचीच वाक्यं होती. एकाही ठिकाणी 'सम' नव्हतं. आणि ऐकताना डोळ्यांपुढे मशीन दिसत होतं, फळी, झाकण, बाईंचा हात, सगळं.

अडीच तासांनी बाईंचा पुन्हा फोन आला. पंपातून एक केसांची पिन आणि शर्टाची दोन बटणं निघाली होती. कोट वाचला होता. "मी केलं," त्या म्हणाल्या, "या वयात!" कानसेन म्हणाले, "बाई, तो कागद फेकू नका. मला हवाय."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन कागद घेऊन आले. बाईंनी रात्रीच शुद्धलेखन तपासून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात नवी प्रत काढून ठेवली होती. लेकीनं ती जशीच्या तशी टाइप केली, चहासकट. या वेळी तिनं अकरा ठिकाणं शोधली नाहीत. घरगुती उपकरणांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका तयार करणारं एक छोटं कार्यालय होतं, तेवढ्या एकाच ठिकाणी पाठवली.

चौथ्या दिवशी संपादिकेचा फोन आला. "हे तुम्ही लिहिलंय?"

"बोललोय मी. लिहिलंय एका बाईंनी."

"बादली बसत नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

"सव्वीस वर्षं बसवून बघतोय, मॅडम."

पलीकडून हसू ऐकू आलं. त्यांच्या पुस्तिका परदेशी भाषेतून उतरवलेल्या असत, म्हणाल्या, आणि लोकांना कळत नसत. एक मजकूर पाठवते, तो तुमच्या पद्धतीनं लिहून बघा; जमलं तर मोबदला देऊ, नाही जमलं तरी या एका चाचणीचे पैसे देऊ. मजकूर आला. त्यात लिहिलं होतं, 'द्वार-अवरोध सक्रिय असल्यास प्रतीक्षेची अंमलबजावणी करावी.' कानसेनांनी ते बायकोला वाचून दाखवलं आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग त्यांनी लिहिलं: 'दार लगेच उघडत नाही. दोन मिनिटं थांबा. ओढाओढ केलीत तर कडी तुटेल.'

बारा पानं त्यांनी पाच दिवसांत लिहिली आणि मोठ्या ऐटीत पाठवून दिली. परत आली तेव्हा लाल रंगानं रंगलेली होती. 'कोणता पान्हा?' 'ही ओळ वर एकदा येऊन गेली आहे.' 'सोपं, पण अपुरं.' कानसेनांचा चेहरा पडला. जिला मशीनचं पोट कधी दिसलेलं नाही, ती आपल्याला शिकवणार? त्यांनी थेट फोन लावला. "मॅडम, हे काम मला जमणारं नाही असं दिसतंय."

"एक मिनिट," संपादिका म्हणाल्या. आवाज घुमत होता. "मी आत्ता माझ्याच मशीनमध्ये पाणी भरून त्याच्यासमोर बसलेय. तुमचं सातवं पान हातात आहे. फळी उघडली, भांडं ठेवलं. आता झाकण कोणत्या बाजूला फिरवू?"

"डावीकडं. ते काय सांगायचं?"

"लिहिलंय कुठं?"

कानसेनांनी समोरचं पान बघितलं. 'झाकण फिरवा,' एवढंच होतं. भूगोलबाईंना सांगताना डावीकडं म्हटलं होतं, कारण त्या विचारणार हे ठाऊक होतं. कागद तर काहीच विचारत नाही.

"राहिलं," ते म्हणाले.

"बरं. डावीकडं फिरवतेय... घट्ट आहे... हां, सुटलं..."

"थोडंसंच! मॅडम, पूर्ण काढू नका!"

फोनमधून आधी किंकाळी आली, मग पाण्याचा आवाज, मग बराच वेळ नुसतीच धावपळ. कानसेन फोन धरून अवघडून उभे. शेवटी संपादिका परत आल्या. दम लागला होता, पण हसत होत्या. "माझी चप्पल तरंगतेय. 'थोडंसंच' हा शब्दही सातव्या पानावर नाही, बरं का."

त्या दिवशी कानसेनांनी लाल खुणांचं भांडण सोडून दिलं. बारा पानं पुन्हा लिहायला घेतली. प्रत्येक पान झालं की ते बायकोला द्यायचे आणि तिला घरच्या कपडे धुण्याच्या मशीनपुढे उभं करायचे. स्वतः मागे हाताची घडी घालून, तोंडातून अक्षर न काढता. हे त्यांना फार जड गेलं. ती अडली की ओठ आवळायचे, आणि तिथं कागदावर फुली. एकूण एकोणीस फुल्या निघाल्या. एका ठिकाणी बायकोच म्हणाली, "इथं चित्र पाहिजे. हे कितीही लिहिलंत तरी कळणार नाही." तिनंच खडूनं काढून दाखवलं. ते चित्र पुढं छापलं गेलं.

पहिला मोबदला आला तो फार नव्हता. सहा मशीनं खोलून जे मिळालं असतं त्याच्या आसपास. लेक म्हणाली, लिहायला चांगली खुर्ची घ्या. कानसेनांनी चाकांचं एक बुटकं स्टूल घेतलं, जमिनीपासून वीतभर उंच, आणि ते गिऱ्हाइकांकडे घेऊन जायला लागले. स्टुलावर बसून मशीनभोवती घरंगळत फिरणारे कानसेन बघायला पोरंटोरं जमायची. गुडघा पूर्ण बरा झाला नाही, पण कुरकुर कमी झाली.

आता सकाळी दोन मशीनं आणि दुपारी लिखाण, असं त्यांचं बसलं आहे. दोन वर्षं झाली. मशीननंतर फ्रिज आला, इस्त्री आली. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचं काम आलं तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं. जे कधी खोललं नाही त्यावर कसं लिहिणार? मग एका दुकानदाराकडून बंद पडलेलं यंत्र दोन दिवसांसाठी उसनं आणलं, खोलून घरभर पसरलं, लिहिलं, आणि जुळवून परत केलं. आता ते चालतं, असं दुकानदार सांगतो. नवी पुस्तिका छापून आली की एक प्रत भूगोलबाईंकडे जाते. त्यातून अजूनही एखादी वेलांटी चुकलेली निघते आणि बाई खूश होतात.

कधी कुणी विचारतं, "आम्हालाही असं काम मिळेल का हो? आम्हाला तर लिहिता येत नाही." कानसेन म्हणतात, "तुम्हाला लोक फोन करून काय विचारतात, ते बघा. आणि पैसे मागणारा भेटला तर माझ्या बायकोशी गाठ घालून द्या."

परवा दुपारी मिक्सरच्या पुस्तिकेचं काम चाललं होतं. कानसेनांनी वाचून दाखवलं, "झाकण घट्ट बसवा."

बायकोनं दातांतला दोरा काढला. "घट्ट म्हणजे किती? तुमच्या हाताचं घट्ट वेगळं, माझं वेगळं."

"घट्ट म्हणजे घट्ट."

"मग लिहा तसंच. भिंती कोण पुसणार, तेही लिहा."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्यात अर्धं पाणी घेतलं, झाकण ठेवलं, सवयीनं कान जवळ नेला आणि हळूहळू फिरवलं. मग बाहेर येऊन आधीची ओळ खोडली आणि तिच्या वर लिहिलं: 'टक असा आवाज येईपर्यंत झाकण फिरवा.'

"हं," बायको म्हणाली, "आता कळलं."