कवळीशिवाय सॅलड मिळणार नाही

अशी पाटी आमच्या दुकानात लावावी लागली, यातच माझ्या भावाचं अर्धं चरित्र आलं. दुकान कवळ्यांचं. पुढच्या खोलीत काउंटर, चार खुर्च्या आणि एक आरसा. मागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे, मेण, घासायची चाकं आणि रंगाप्रमाणे कप्प्यांत लावलेले दात. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. दादा तीस वर्षं कवळ्या करतोय. मी काउंटरवर बसते, नावं लिहून घेते आणि घाबरलेल्या माणसांना "होईल हळूहळू सवय" असं सांगते. दादाचे स्वतःचे दात मात्र बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, एकही किडलेला नाही.

दादाच्या आधी हा धंदा बाबांचा. त्यांचे हात थरथरायला लागले तशी त्यांनी हत्यारं खाली ठेवली, पण कान ठेवले नाहीत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पेपर वाचत बसतात आणि गिऱ्हाईक काही चावायला लागलं की पेपरामागून आवाज येतो, "उजवी दुसरी दाढ उंच आहे." दादा तपासतो. उजवी दुसरी दाढ उंच असते. बाबा कधीच चुकत नाहीत आणि आमच्या घरातली सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी बाबांची स्वतःची कवळी, त्यांनीच स्वतःच्या हातांनी केलेली, बेसिनमध्ये पडून दुभंगली. दादा म्हणाला, मी करतो. केली. बाबांनी ती घातली, पावाचा तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "टोचते."

दुसरा कोणी असता तर त्याने कवळी घासली असती. दादाने पावाला दोष दिला.

"पाव काय चाचणी घेणार?" तो मला म्हणाला. "कवळी नव्या जावयासारखी असते. पहिले चार घास अगदी शहाण्यासारखी वागते. पोट भरेपर्यंत चावलं पाहिजे. जबडा दमला की मग ती खरं बोलते."

म्हणजे एक पूर्ण जेवण हवं, आणि त्यात कडक, मऊ, चिवट, चिकट, सगळं हवं. असं एकच ताट दादाला सुचलं, ते सॅलडचं. तोपर्यंत आमच्या घरात सॅलड म्हणजे जेवणाच्या कडेला ठेवलेल्या काकडीच्या चार चकत्या. दादाने त्या चकत्यांना ताटाच्या मधोमध आणून बसवलं.

आता हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण त्यात हिशोब होता. लेट्यूसचं पान अख्खं ठेवायचं, चिरायचं नाही, कारण पुढचे दात कापतात की नुसते ओढतात ते पानावर कळतं. कच्चा कोबी बाजूच्या दातांसाठी. अक्रोड आणि उकडलेले काबुली चणे दाढांसाठी. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. दादा दोन्ही एकाच टेबलावर देत होता. उकडलेलं अंडं टाळूला चिकटतं, त्यावरून वरची कवळी किती घट्ट धरते ते समजतं. आणि वरून खसखस. खसखशीचा एक दाणा जरी कवळीखाली शिरला, तरी तिथे फट आहे.

ड्रेसिंगचं तर त्याने शास्त्रच केलं. तेल आणि लिंबाचं पातळ ड्रेसिंग सगळीकडे पाझरतं, ते फटी शोधायला. मध आणि मोहरीचं चिकट, ते ओढून बघायला. दही आणि भाजलेल्या लसणाचं, ज्यांच्या हिरड्या दुखतात त्यांना धीर द्यायला. प्लॅस्टरमधले बुडबुडे काढण्यासाठी आमच्याकडे थरथरणारा एक छोटा पाट आहे, विजेवर चालतो. तसला दुसरा आणून दादा त्यावर ड्रेसिंगची बाटली ठेवायचा. बाटलीत तेल बारीक धारेने सोडायचं, पाट चालू करायचा आणि दहा मिनिटांत ड्रेसिंग लोण्यासारखं एकजीव. दोन्ही पाटांवर मी मोठ्या अक्षरात नावं लिहिली, कारण एकदा निवृत्त हेडबाईंच्या जबड्याचा साचा मोहरीत ओतला गेला होता आणि दादा दोन दिवस तो वाळायची वाट बघत होता.

तेल आणि लिंबू एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मध्ये मोहरी लागते, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरातली मोहरी मी. आई गेल्यापासून बाबा आणि दादा यांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "त्याला सांग, दार लावून घे." "बाबांना विचार, औषध घेतलं का." दोघंही एकाच खोलीत असायचे.

बाबांच्या चाचणीचा वार बुधवार. एक वाजता दुकान जेवायला बंद झालं की दादा कवळी आणि ताट घेऊन त्यांच्यासमोर बसायचा. बाबा तासभर चावायचे. दादा तासभर त्यांच्या तोंडाकडे बघायचा. मध्येच "पान कापलं गेलं?" "गेलं." "चणा?" "चण्याला मीठ कमी आहे." एवढं सरळ बोलणं मी त्या दोघांत जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटचा दाणा संपला की बाबा कवळी काढून बशीत ठेवायचे आणि म्हणायचे, "टोचते." तीच कवळी दादा पाच-सहा बुधवार घालून बघायचा, मग तिच्यावर नंबर घालून ती खणात टाकायचा आणि नवी करायला घ्यायचा. प्रत्येक नव्या कवळीला नवं ताट, कारण जुनं ताट जबड्याला पाठ होतं, असं त्याचं म्हणणं.

मग हे ताट बाकीच्या गिऱ्हाइकांनाही मिळायला लागलं आणि दुकानाची पार दशा झाली. लोक कवळी बसवून घ्यायला यायचे ते कुटुंबासकट. "आम्ही साक्षीदार," असं म्हणून मुलं-सुना खुर्च्या ओढून बसायच्या. पोस्टमास्तरांचे सगळे दात शाबूत. त्यांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, एखादा काढून घेतला तर नाव लागेल का. एक बाई सासूची कवळी रुमालात बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "सासूबाईंना यायला जमलं नाही, पण दात आलेत." म्हणून ती पाटी. दादाने स्वतः लिहिली आणि इतकी मनावर घेतली की तो स्वतःही कधी ते ताट जेवला नाही. ड्रेसिंग बोटाने चाखायचा, बस.

दुसरा नियम असा, की एकदा कवळी बसली की ताट बंद. मी वहीत नावापुढे लिहायचे, "टोचते" किंवा "बसली". बसली लिहिलं की माणसाचा चेहरा उतरायचा. बँडमास्तर तर माझ्या काउंटरवर ओणवे झाले. "ताई, जरा टोचते म्हणून लिहा ना. पुढच्या आठवड्यात संत्र्याचं ड्रेसिंग आहे म्हणे."

खिडकीतून आवाज आला, "खोटं बोलतोय. मस्त बसली आहे. मी ऐकलं."

असे कितीतरी खोटारडे बाबांनी नुसत्या कानांनी पकडले. आणि आम्ही दोघं इतके अक्कलशून्य, की आम्हाला कसलीच शंका आली नाही.

तेविसाव्या कवळीलाही बाबा "टोचते" म्हणाले, तेव्हा दादा मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. चाकं बंद होती. मला त्याचा चेहरा बघवेना.

"बाबांचं कधी चुकतं का?" तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे ते बरोबर आहेत. तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात काहीतरी टोचणारं घालतोय आणि लोक सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत."

"अरे, लोक रांगा लावतात तुझ्याकडे."

"त्या अंड्यांसाठी लावतात गं." मग त्याने सांगितलं, की आमच्या मावसभावाच्या फरश्या घासायच्या कारखान्यात जागा आहे आणि त्याने विचारून ठेवलंय. "फरशी टोचली तर कुणी उपाशी राहत नाही. चोविसावी करतो. ती नाही बसली तर दुकान बंद."

मधलं दार उघडं होतं. खिडकीपाशी बाबांचा पेपर उघडा होता, आणि बराच वेळ त्याचं पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली विसरले म्हणून वर गेले, तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. कर्र, कर्र. तीन वर्षं गिऱ्हाइकांच्या शेजारी बसून मीही थोडं शिकले आहे. तो गाजराचा आवाज होता, आणि चावणारा पुढच्या दातांनी सफाईने तोडून मग डाव्या दाढेखाली घेत होता. आत बाबा उभे होते, हातात अर्धं गाजर, ओट्यावर बीटच्या ड्रेसिंगची वाटी, आणि तोंडात कवळी, सतरा नंबरची, हे नंतर ती काढल्यावर दिसलं.

"टोचत नाही का?" मी विचारलं.

बाबांनी घास नीट चावून गिळला. "नाही."

"ही नाही, की कुठलीच नाही?"

"पहिलीसुद्धा नाही टोचली. माझ्यापेक्षा चांगलं काम आहे त्याचं."

मला इतका संताप आला, की मी ते गाजर त्यांच्या हातातून काढून घेतलं. तीन वर्षं माझा भाऊ स्वतःला नालायक समजत होता. "मग सांगायला काय झालं होतं? तोंडात दात नव्हते?"

"बसली म्हटलं की ताट बंद," बाबा म्हणाले. "वही तूच लिहितेस ना? ताट बंद म्हणजे तो समोर बसायचा बंद. मग पुन्हा त्याला सांग आणि बाबांना विचार." ते ओट्याकडे बघत होते. "त्याच्याशी मी दुसरं काय बोलू? मला दातांचंच बोलता येतं."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी गाजर परत दिलं. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की यातलं एक अक्षर दादाला सांगायचं नाही. मी शब्द दिला.

बुधवारी दादाने चोविसावी आणली. ताटात भाजलेला लाल भोपळा, चणे, अक्रोड, सफरचंदाच्या फोडी, कोवळा कोबी, तळाला लेट्यूसची अख्खी पानं आणि वर तिळाच्या पेस्टचं दाट ड्रेसिंग. बाबा नेहमीपेक्षा सावकाश जेवले. एकेक चणा मोजल्यासारखा खाल्ला. शेवटी ताटात ड्रेसिंगचा ओघळ राहिला, तोही त्यांनी पानाने पुसून घेतला. दादा हात मांडीवर ठेवून बसला होता.

"बसली," बाबा म्हणाले.

दादाने ताट उचललं, आत नेलं आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. मी वहीत "बसली" लिहिलं आणि बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

दुकान वाचलं. पण पुढच्या बुधवारी एक वाजला तेव्हा बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले, आणि मग ताट येत नाही म्हटल्यावर हळूच मागे टेकले. दादा मागच्या खोलीत कुणाचा तरी साचा घासत होता. "त्याला सांग," बाबा मला म्हणाले, "चाकाला तेल घाल."

मी शब्द पाळला. दादाला एक अक्षर सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी सतरा नंबरची कवळी त्याच्या टेबलावर ठेवली, न धुता. बीटचा रंग दातांच्या मुळांशी बसलेला होता. सतरावी खणात गेली तेव्हा आमच्याकडे बीटचं ड्रेसिंग नव्हतंच. ते दादाने एकविसावीला काढलं. दादा कवळी हातात घेऊन दिव्याखाली उलटीपालटी करत राहिला आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी खसखस निवडत होते.

त्याच्या पुढच्या बुधवारी एक वाजता दादा बाहेर आला तो दोन ताटं घेऊन. एक बाबांसमोर ठेवलं, एक स्वतःसमोर.

"पाटी वाचलीस का?" बाबा म्हणाले. मला नाही, त्याला.

"मीच लिहिली आहे," दादा म्हणाला. "बाबा, माझ्याच तोंडात काहीतरी गडबड वाटते. जरा ऐकता का?"

बाबांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली आणि डावा कान पुढे केला. दादाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं सॅलड पोटभर खाल्लं. पान, कोबी, चणे, अक्रोड. बत्तीस निरोगी दात, मलाही ऐकू येत होतं, एकाचाही आवाज चुकत नव्हता. मध्येच बाबा थांबवायचे, "तो अक्रोड परत चाव," आणि दादा परत चावायचा. तास उलटून गेला. बाहेर गिऱ्हाईक दार वाजवून कंटाळलं.

"डावीकडे काहीतरी उंच आहे," बाबा म्हणाले. "एका ताटात कळायचं नाही. पुढच्या बुधवारी बघू परत."

"बरं," दादा म्हणाला.

मी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं, "टोचते."