ओव्हरफ्लोच्या पाइपातलं माझं पुण्य

मंडळी, सकाळपासून चारदा हात धुतले, तरी वास जात नाही. शी!

इथे परदेशात, रोटोटुनाला लेकाकडे माशांची सहा फुटी टाकी आहे. जादा पाणी खाली नेणारा ओव्हरफ्लोचा पाइप सारखा तुंबायचा आणि पाणी कार्पेटवर यायचं. गेल्या आठवड्यात नातीचा लाडका मासाही मेला. महिनाभर मी भुणभुण लावली होती, "अरे, पाइपच अरुंद आहे. मोठा बसव."

आज बिचाऱ्याने सुट्टी घालवून जुना पाइप कापला. आतून पिवळट, बुळबुळीत, आंबलेला लगदा भदकन बादलीत पडला. बाहेर उडालेला मी हातानेच गोळा केला.

"यक्! नो वंडर माय फिश डाईड, आजी," नात नाक दाबून म्हणाली.

"कसलं शेवाळ साचलंय हे!" लेक म्हणाला. "आई, तुझंच खरं. पाइप अरुंदच होता."

शेवाळ कसलं? रोज कणीक मळून झाली की पुण्य म्हणून चार गोळ्या मीच गुपचूप टाकीत सोडते, गावच्या तळ्यात सोडायचे तशा. करायला गेले गणपती, झाला मारुती!

आणि मी चक्क मान डोलावली. लगद्यापेक्षा त्या मान डोलावण्याचीच जास्त किळस येतेय. जेवायला बसायच्या आत दोघांना खरं सांगायचंय. नातीपाशी सुरुवात कशी करू, सांगा बरं?