बिगर पंखाचं विमान

जेट विमानाला पंखा नसतो, एवढं खरं बोलल्याबद्दल आमच्या आबांनी लहानपणी बापाचा मार खाल्ला.

आबा म्हणजे माझा नवरा. दिवाळीनंतर गेले. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्यांची पहिली घागर भरली, म्हणून लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, चुका काढत बसू नका.

आबा लहान होते, पारोळ्याला घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, मिरच्या वाळत घालत होते, तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. आपल्या हवाई दलाचं सुरुवातीचं जेट, 'तूफानी'. नाव फार पुढे कळलं.

पोरगं ओरडत खाली आलं. "त्याले पंखाच नही! बिगर पंखानं शे!"

सासरे म्हणाले, "बिगर पंखानं इमान उडस का रे, फेकाड्या?"
आणि एक ठेवून दिली.

मग गावाने नाव पाडलं, बिगरपंख्या. मी लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याच्या नावाआधी हे नाव कानावर आलं.

आबांनी धुळ्याला एसटीत कंडक्टरकी केली, रिटायर झाले आणि छोटी विमानं बनवायचं खूळ घेतलं. बाल्साचं लाकूड कुरियरने यायचं. त्याच्यापेक्षा पापड जड. त्या लाकडाचे काप चिकटवून सांगाडा करायचा, वर पातळ कागद ताणायचा, पोटात रबर. रबराला पीळ दिला की नाकावरचा पंखा फिरतो आणि विमान उडतं.

हो. पंखा.

मी म्हटलं, "अहो, ज्याच्यापायी मार खाल्ला, त्याला शेवटी पंखाच लावला?"

"रबरवर उडस ते, मंदा. पंखा लागसच."

"मग सासरे काय खोटं बोलले?"

त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून जेवले.

रबर तुटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळायचे. माझ्या गुडघ्याला कधी चोळलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

एकदा एका विमानाचं नाक हलकं पडत होतं. वजन पाहिजे म्हणाले. मी मळलेल्या कणकेतला गोळा दिला, नाकात भरला. संध्याकाळी झकास उडालं.
दुसऱ्या दिवशी आभाळाकडे तोंड करून धपकन पाठीवर पडलं.
लांबूनच ओरडले, "मंदा, तुनी कणीक वायनी!"
वाळली की कणकेचं वजन कमी होतं. पोळ्या लाटण्यात जन्म गेला, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
मग मेण भरलं.

ती सगळी नुसती प्रॅक्टिस. खरं बनवायचं होतं 'तूफानी'. ते सगळ्यात शेवटी केलं. चंदेरी रंग, पंखांच्या टोकांना दोन टाक्या. पुरं झालं आणि आबांचा दमच संपला. दार ओलांडून मैदानापर्यंत जाणं झालं नाही.

दवाखान्यात मला म्हणाले, "ते उडावजो. काचमा ठेवू नको."

आमचा दिलीप जळगावला असतो. काल धुळ्याला आला तो काचेची पेटी घेऊनच.

"आई, पंखा काढून आत ठेवू. अगदी खरं दिसेल. आबांचंच म्हणणं खरं ठरेल."

"काचेत खरं ठरवून काय करू? मार उडत्या विमानासाठी खाल्ला होता."

"तुटलं तर? त्यांच्या हातची एवढी एकच वस्तू राहिली आहे."

"तुझा बाप तुटत होता तेव्हा कुठली काच लावलीस रे?"

दिलीप रडला थोडा. बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही.

आज आधी घागर. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबा ठेवला, विस्तवावर घास दिला. मग गावाबाहेरच्या पडीक शेतात गेलो.

आबा नेहमी उजाडता उडवायचे. म्हणायचे, ऊन चढलं की तापलेली हवा वर ओढते, मग विमान आपलं नाही, घारींचं.
ऊन चढलेलं मला दिसत होतं.

दिलीपने विमान धरलं. इतकी वर्षं ते धरायचं काम माझं होतं, आज पीळ मी दिला. ड्रिलला हूक लावलेला असतो, रबर ताणून फिरवत जायचं.

"आई, बस कर, तुटेल."

"सोड."

सोडलं.

गोल गोल फिरत चढलं. पीळ संपला असणार, आता खाली येईल म्हणून दिलीप धावायला लागला. खाली येईना. एक घार फिरत होती, तिच्याच बाजूने वर, आणखी वर.

दिलीप थांबला. डोळ्यांवर हात धरून बघत राहिला.

मग म्हणाला, "आई, पंखा दिसत नाही."

मीही पाहिलं. चंदेरी अंग, दोन टाक्या. पंखा नव्हता.

मग तेही दिसेनासं झालं. शोधायला जायचं नाही, असं मी बजावलंय.

पेटी घरात रिकामी पडली आहे. त्यात मी सांजोऱ्या ठेवल्या. घरी याल तर खा.

अहो, वर सासरे भेटले तर सांगा, मंदाने डोळ्यांनी पाहिलंय. बिगर पंखानंच होतं.

जा आता सुखाने.