नाकाखालचं चाक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला काय सांगणार? तिच्या लेखी मी अजून बेंबळीचा तो विमानवाला मास्तर आहे — जुना फोटो हातात दिला की विमानाची जात सांगणारा.

तेव्हा मला तो नादच होता. रद्दीतून परदेशी मासिकं आणायची, चित्रं कापून भिंतीवर डकवायची. दुष्काळ सरला, गावात दूध सोसायटी निघाली, आणि लोक किटली बाजूला ठेवून मला घरातले फोटो दाखवू लागले — कुणाचा मामा लढाईत गेलेला, कुणाचा भाऊ हवाई दलात. मी ऐटीत सांगायचो. फुशारकी होती, दुसरं काय?

सोसायटीच्या नव्या इमारतीचा नारळ मुक्तिदिनी सोपानकाकांनी फोडायचा, असं ठरलं होतं. रझाकारीत निजामाविरुद्ध गाव सोडून गेलेले आमच्याकडचे तेवढेच एक म्हातारे. त्यांनी हौसेनं तरुणपणीचा फोटो आणला. मागं मोठं विमान, शेपूट फोटोच्या बाहेर. पुण्याला धावपट्टीवर खडी टाकायला होतो तेव्हाचा, म्हणाले. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी चार इंजिनं पाहिली आणि बोलून गेलो — हे तर लँकॅस्ट्रियन, निजामाच्या राज्यात चोरून बंदुका उतरवणारं विमान.

लोक आपापल्या किटल्या उचलून निघाले. मग काका त्या विमानापाशी काय करत होते, हे कुणी विचारलंसुद्धा नाही; ज्यानं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन माझ्या घरी आले. “गुरुजी, तुमी शिकलेले. पन म्या पुण्यालाच व्हतो. परत एकदा बगा की.”

मी भिंग घेतलं. काकांच्या धोतराआड, विमानाच्या नाकाखाली, चाक होतं. लँकॅस्ट्रियनला तिथं चाक नसतं, त्याचं शेपटीखाली असतं. हे होतं लिबरेटर — आपल्याच हवाई दलाचं, पुण्यालाच असायचं. मला कळलं का? कळलं. बघताक्षणी कळलं.

“फोटो धूसर आहे, काका,” मी म्हणालो. “नक्की सांगता येत नाही.”

का? गावासमोर चुकलो म्हणायचं माझ्या जिवावर आलं. याहून मोठं कारण शोधून पाहिलं — सापडत नाही.

नारळ चेअरमननं फोडला. काका सोसायटीकडं यायचे बंद झाले, दूध सुनेच्या हाती पाठवू लागले. पोरं त्यांच्या घराला रझाकाराचं घर म्हणायला लागली. माझ्याच वर्गातली पोरं. मी ऐकायचो आणि फळ्याकडं वळायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

ते वारले तेव्हा मी मसणवट्यात गेलो होतो. सरण पेटल्यावर थोरल्या मुलानं खिशातून तो फोटो काढला आणि माझ्याजवळ आला.

“तुमच्यामुळं खरं कळलं, गुरुजी,” तो म्हणाला. “न्हाय तर आमी त्यास्नी देव मानत व्हतो.”

एक वाक्य पुरलं असतं. फोटो अजून त्याच्या हातात होता — बोट ठेवून चाक दाखवता आलं असतं. मी मान डोलावली. त्यानं फोटो जाळात टाकला, आणि तो जळून जाईपर्यंत मी हात जोडून उभा राहिलो.