चौकातल्या बोर्डावरची माय

"ही बाई गरीब दिसती. आई दिसत नाही."

साहेब माझ्या मायकडं बोट करून बोलला. माय स्क्रीनवर होती अन् मी माऊस धरून त्याच्या पुढ्यात बसलो होतो. तिचाच पोरगा. त्याला ते ठाऊक होतं.

सीमेवर तोफा सुरू झालत्या. गारखेड्यातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात सरकारी प्रचाराची ऑर्डर घेऊन हा साहेब आलता. चौकाचौकात वीरमाता पाहिजे. माझा भाऊ फौजेत, म्हणून साहेबानं मायचा फोटो मागितला. मी हरखून दिला. येडाच मी!

"मागचा बुद्ध काढ, तिरंगा टाक. कपाळाला ठसठशीत कुंकू लाव. लोकांना आपली वाटली पाहिजे."

आपली! बाप गेल्यापासून मायचं कपाळ मोकळं आहे. भिंतीवरचा बुद्ध तिनं स्वतः लावलाय. मी मालकाकडं बघितलं. मालक म्हणाला, "लाव की रे. लढाईचे दिवस आहेत, उगं नाटकं नको." अन् मी लावलं. ह्याच हातानं. खाली ओळ टाइप केली: 'या मातेने आपला पुत्र देशाला अर्पण केला.'

चार दिवस भावाचा फोन लागत नव्हता. जिवाला घोर लागला म्हणून माय गावाकडनं, पाचोडवरून माझ्याकडं आली. चौकात तिला स्वतःचं तोंड दिसलं, दोन पुरुष उंच. आमच्यासारख्यांचं तोंड बोर्डावर कधी चढतं? घरात कुणी गेल्यावर. तिनं पानटपरीवाल्याकडून ओळ वाचून घेतली अन् रस्त्यातच बसली. ऊर बडवायला लागली.

"गेलं रं माझं लेकरू! मला कुणी सांगितलं बी नाय!"

टपरीवाल्यानं मला बोलावलं. "माय, तो जित्ता आहे," मी ओरडत होतो. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

"मग अर्पण कुणी केला? मी केला व्हय?"

मी दुकानातलं कटर आणलं अन् भर दुपारी बोर्ड फाडला. कुणीतरी कळवलं, तसा साहेब धावत आला.

"देशद्रोही आहेस का रे?"

"माझा भाऊ तिथं उभा आहे. तुमचं कोण आहे?"

त्यानं मालकाला फोन लावला. माझी नोकरी गेली. खड्ड्यात गेली. सांजच्याला भावाचा फोन लागला, माय नुसती रडली.

भाऊ ड्यूटीवर गेलाय. त्याला कुणी वाहिलेला नाय. इथून पुढं आमच्या घरातला एक फोटो मिळणार नाय. वीरमाता पाहिजे ना? स्वतःच्या आईचा फोटो आणा. खाली तीच ओळ टाका. अन् मग तिला त्या चौकात उभी करा.