कासारणीचं कुलूप आणि जवसाचं तेल

चांगलं दुरुस्त केलेलं कुलूप परत येत नाही. आमच्या धंद्याला याचा अभिमान होता. मला मात्र त्याचंच वाईट वाटायचं.

मी लग्न होऊन चिखलीला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं वय अठरा आणि अक्कल त्याहून बरीच कमी. माहेर दुसरबीडजवळचं. घरात सोळा माणसं, त्यामुळे बोलायला कधी माणूस शोधावं लागलं नव्हतं. उलट गप्प बसायला जागा शोधावी लागायची. आणि दिलं कुठं, तर पेठेतल्या एका खोलीत. पुढे ओटा, मागे चूल, मध्ये मी. सासू-सासरे दोघंही वारलेले. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. दुकानांच्या फळ्या, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, आडव्या लोखंडी पट्ट्या, सगळं त्यांच्याकडे. पेठेतल्या निम्म्या दुकानांना सासऱ्यांनी बसवलेली कुलपं होती, आणि सासऱ्यांनंतर लोक डोळे मिटून यांच्या हातात किल्ल्या द्यायचे. ज्याच्या हाती गावाच्या किल्ल्या, त्याच्या हातावर शंका आली की त्याचा धंदा संपला. एवढं मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं आणि तरी मी ते केलं, म्हणून तर हे लिहिते आहे.

नवरा वाईट नव्हता. फक्त बोलायचा नाही. सकाळी पत्र्याची पेटी उचलायचा आणि म्हणायचा, "येतो." संध्याकाळी पेटी ठेवायचा आणि म्हणायचा, "आलो." मधला मजकूर मी मनात भरून घ्यायची. आठवड्यातून एकदा तो मोताळ्याच्या बाजारालाही जायचा, त्या दिवशी "आलो" ऐकायलाही अंधार पडायचा.

दिवसभर मी ओट्यावर बसून यांनी शिकवलेली बारीक कामं करायची. कुलूप खोलायचं, आतल्या पट्ट्या रॉकेलनं धुवायच्या, कानशीनं किल्लीचा दात घासायचा, आणि शेवटी शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकून आत सोडायची. तेल कधीच नाही. का, ते यांनी एकदा समजावलं होतं:

"आपल्याकडं कापसाच्या दिवसांत हवेत बारीक कापूस उडते. तेलाले चिकटते. त्यात जवसाचं तेल असलं तर ते सुकून डिंकच होते. पंधरा दिवसांत कुलूप बसते."

लग्नानंतरच्या चार महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं. नव्या नवरीनं नवऱ्याचे गोड शब्द जपून ठेवावेत तसं मी ते जपून ठेवलं. इतरांच्या नशिबात चाफा-मोगरा असतो, माझ्या नशिबात जवस.

समोरच्या रांगेत चौथं दुकान कासारणीचं होतं. पन्नाशीची विधवा बाई, मुलगी मोताळ्याला दिलेली, घरात एकटी. दुकानाचं पितळी कुलूप नारळाएवढं. सकाळी ते काढून ती कपाळाला लावायची, संध्याकाळी लावलं की एकदा ओढून बघायची. कार्तिकात एक दिवस किल्ली फिरेना म्हणून ती कुलूप घेऊन आमच्या ओट्यावर आली. हे बाजाराला गेलेले. मी म्हटलं, बसा मावशी, करते.

"तू करतं?" तिनं मला वरून खाली पाहिलं. "बिघडोशीन नं वं?"

"बिघडलेलंच आहे की."

ती हसली आणि बसली. मग तासभर बोलत राहिली. कोणाच्या सुनेचं मनगट केवढं, कोणाच्या हातावर बांगडी टिकत नाही, कोण भांडून आलं की आधी हिच्याकडे हात भरायला येतं. मी दहा मिनिटांचं काम तासभर घासत बसले. ती गेल्यावर ओटा इतका रिकामा झाला की मी आत जाऊन उगीचच भांडी घासली.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. कुलूप मस्त चालत होतं. ती लांबूनच हात हलवायची आणि दुकानात शिरायची. माझंच काम माझ्या आड आलं होतं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? उठून समोर गेलं असतं. कासारणीचं दुकान ते, तिथं बाईमाणसाला जायला काय कारण लागतं? पण ती अठरा वर्षांची हुशार पोरगी! तिच्या डोक्यात बसलेलं, की काम असल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नये, आणि काम असल्याशिवाय कोणी आपल्या दारात येत नाही. म्हणून तिनं काम तयार केलं.

महिन्याभरानं कासारीण दुकान झाडताना मी स्वतः ओरडून म्हटलं, "मावशी, कुलूप आणा, एकदा साफ करून देते." आणि साफ करून झाल्यावर चुलीपाशी जाऊन त्यात जवसाचं तेल सोडलं. चांगलं दोन चमचे. भाजीत टाकताना हात आखडायची, कुलपाला मात्र सढळ.

पंधरा दिवस नाही, बाराव्याच दिवशी मावशी हजर.

"काय वं, हे पुन्हा अडून राह्यलं."

"थंडीचं होतं असं," मी म्हटलं. लाजही वाटली नाही. तासभर गप्पा झाल्या. जाताना पुन्हा तेल. असं तीनदा झालं. हे घरी नसतानाच ती येईल असं मी बघायची. तिसऱ्या वेळी तिनं मला माझ्या माहेरचं विचारलं आणि मी रडले. तिनं पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "मी पण अशीच आलती वं, बारा वर्षांची." त्या दिवशी मी तेल जरा जास्तच घातलं.

मग लग्नसराई लागली. एका सकाळी खेड्यातून बैलगाडी भरून बायका आल्या, नवरीला चुडा भरायला. दोन पिढ्या त्या घरचे चुडे कासारणीच्याच हातचे. कासारणीनं किल्ली घातली. फिरेना. जोर लावला. अर्धी किल्ली हातात, अर्धी आत.

मी ओट्यावरून बघत होते.

यांना बोलावणं गेलं. हे आले, वाकले, तार घातली, ठोकून पाहिलं. नवरी उन्हात उभी. मुहूर्ताची घाई, पुढं कपडे घ्यायचे. नवरीची आत्या म्हणाली, "आता किती वेळ?" हे तार फिरवत राहिले. बायका पेठेच्या खालच्या टोकाला दुसऱ्या कासाराकडे गेल्या. त्यानंतर थोड्याच वेळात यांनी छिन्नीनं कोयंडा तोडला. फळ्या काढल्या. आत हिरव्या बांगड्यांच्या माळा तशाच लटकलेल्या.

कासारीण माळांकडे पाहत राहिली. नवरीनं दारातून बिनचुड्याचं परत जावं यापेक्षा मोठा अपशकुन तिच्या धंद्यात नव्हता. मग पेठ ऐकेल असं म्हणाली, "तुह्या बापानं लावलेलं कुलूप वीस वर्ष चाललं. तुह्या ओट्यावर आलं अन् पंधरा दिवस नाही टिकत. हात गेला तुहा." ओट्यावरचं काम मी केलं तरी पेठेच्या लेखी हात यांचाच.

यांनी मान खाली घातली, कुलूप घेतलं आणि घरी आले. खिळे काढून कुलूप उघडलं. आत पिवळा चिकट थर, त्यावर कापसाची लव. यांनी ते नाकाजवळ नेलं. मग माझ्यापुढे ठेवलं.

"जवस?"

मी मान हलवली.

"काऊन?"

"ती यावी म्हणून," मी म्हटलं. "बोलायला."

यांनी नखानं तो थर खरवडला. "मले सांगायचं नं."

"तुम्हाला सांगून तुम्ही काय म्हटलं असतं?"

त्यांनी खरोखर विचार केला. प्रामाणिक माणूस. मग म्हणाले, "हं."

त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. पण पेठेनं ऐकलं होतं. धान्याच्या आडत्यानं दाराची पट्टी बसवायला जालन्याहून माणूस बोलावला. भुसारवाल्यानं किल्ल्यांचा जुडगा परत मागून घेतला. चार दिवस पत्र्याची पेटी कोपऱ्यातून हलली नाही. "येतो" नाही, "आलो" नाही. आता दिवसभर दोघंही घरात, आणि घर आधीपेक्षा रिकामं.

मी बोलले तर यांचा हात परत मिळणार होता, आणि मावशी जाणार होती. सगळ्या चिखलीत माझी ती एकच. पाचव्या दिवशी मी पदर खोचला आणि समोर गेले. काम असल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नये, तर घ्या, काम होतं.

"हात भरायचे मावशी," मी म्हटलं, कारण दुसरं काही सुचेना.

तिनं माझा हात घेतला आणि दाबला. पहिली बांगडी चढत असतानाच मी सगळं सांगून टाकलं. तेल, कापूस, तीनदा. तिचे हात थांबले नाहीत. फक्त बोटांचा दाब वाढत गेला, इतका की हाडं मोडतील असं वाटलं. एकही बांगडी फुटली नाही. हात होता तो.

दोन्ही हात भरून झाले. रीतीप्रमाणे मी वाकून नमस्कार केला. तिनं पाय मागे घेतले नाहीत, आणि आशीर्वादही दिला नाही.

"त्या नवरीले म्या लहानपणी बिल्वर घातले होते," ती म्हणाली. "जाय आता."

संध्याकाळपर्यंत पेठभर झालं. तीच सांगत फिरली: "त्याचा हात नाही गेला हो, बायकोचा लागला." आडत्या पोट धरून हसला आणि जुडगा घेऊन भुसारवाला स्वतः ओट्यावर आला. वर्षभर मला कोणीही विचारायचं, "वहिनी, भाजीत तेल आहे का कुलपात?" यांची पेटी पुन्हा बाहेर पडली. यांनी "येतो"च्या आधी एक वाक्य वाढवलं: "आज अमक्याच्या दुकानात आहो." मोठा बदल होता तो, हसू नका.

कासारणीचं कुलूप मी स्वतः नीट केलं. प्रत्येक पट्टी धुतली, नवी किल्ली घासली, पूड घातली. ते पुन्हा कधी बिघडलं नाही, आणि ती पुन्हा ओट्यावर बसली नाही. मी बांगड्या भरायला जायची, ती भरायची, मनगटाबद्दल दोन शब्द बोलायची. कुणाकुणाच्या सुना, कुणाची भांडणं, ते मात्र बंद झालं. चार-पाच वर्षांनी ती दुकान मोडून मुलीकडे मोताळ्याला निघाली. एस.टी.ला वेळ होता. आमच्या ओट्यापाशी थांबली, पिशवीतून कुलूप काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे. आता हे तुह्याकडंच बिघडू दे."

बसायला म्हटलं तर म्हणाली, "गाडी जाईन वं." आणि गेली. हे बाजाराला मोताळ्याला जायचे तेव्हा दोन-तीनदा यांनी तिचा निरोप आणला. निरोप म्हणजे यांच्या भाषेत, "बरी आहे."

आता हेही नाहीत. मुलं नोकऱ्यांच्या गावी. मागच्या खोलीला तेच पितळी कुलूप आहे. आत चोरण्यासारखं काही नाही, तरी मी सकाळी काढते, संध्याकाळी लावते आणि एकदा ओढून बघते. वर्षाला पूड घालते. जवसाची बाटली अजूनही चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, असते. कधी कधी हात तिकडे जातो. पण मावशी नाही, मग अडकवायचं कोणासाठी? मेलं इतकं गुपचूप उघडतं, की दार उघडलं हे दारालाही कळत नाही.